गोदामात राहिलेला टायर

सिटीवेस्ट,
खंडेनवमी, २०१९

प्रिय काका,

तुमच्या टायर कंपनीच्या ऑफिसच्या दारावरची निळी पाटी उतरवली, त्या दुपारी सगळं बदललं. तुमचं, आणि माझंही. तुमचं सामान आणायला मी गाडी घेऊन आलो होतो. शिडीवरच्या आयरिश पोराने पाटी खाली सोडली, "ग्रँड!" म्हणाला, म्हणजे त्यांचं 'झकास', आणि माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, तर तुम्ही मलाच मागे ओढलंत. "सॉरी हं, आमचा रोहित जरा गरम आहे," असं त्याला सांगितलंत, वर डब्यातली चकली दिलीत! नोकरी कुणाची गेली होती, तुमची की त्याची?

आज लिहितोय, कारण तुमच्याशिवायची ही पहिली खंडेनवमी. आणि उद्या पथकातली सानिका दूर गॉलवेला चाललीय, नोकरीसाठी. दोन्ही एकदम आलं. बोलायचं कुणाशी?

सकाळी काकूने तुमचा तो टायरचा कापलेला तुकडा पाटावर मांडला. वाळूजच्या कारखान्यातून तुम्ही कपड्यांत गुंडाळून इथवर आणलेला, रबर, सूत, तारा सगळे थर दिसणारा. मी करंडा उचलला तर म्हणाली, "दे इकडे. हळद-कुंकू मी लावते, सवत माझी आहे!" मग हसली. "लग्नानंतर फिरायला नेलं, तर हा माणूस मला टायरात सूत कुठे असतं ते सांगत बसला होता." आणि नंतर बराच वेळ कोरडा ओटाच पुसत राहिली.

कॉलेजसाठी मी तुमच्याकडे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच जेवणात वरणभाताबरोबर तुम्ही कंपनीचा इतिहास वाढलात. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातली एक शेड, घोडागाडीच्या चाकांना रबर चढवणारा एक माणूस. मग मोटारी आल्या. मग महायुद्ध, ट्रक, विमानं. गावभर रबराचा वास, आणि तिथल्या बायका म्हणायच्या, वास आहे तोवर चूल आहे. "मग आपण विमानांचे टायर काढले," तुम्ही सांगायचात. आपण! तुमचा जन्म तरी झाला होता का, काका?

आणि ते लिंबू! शेजारच्या टॉमने नवी गाडी घेतली, तर तुम्ही गुपचूप त्याच्या चाकाखाली लिंबू ठेवून आलात. दहा मिनिटांत तो बिचारा लिंबू पुसून दारात हजर, "तुमचं हे पडलं होतं." तुम्ही थँक्यू म्हणून घेतलंत आणि त्यालाच त्याचं सरबत पाजलंत.

मी कॉलेज सोडलं तेव्हा बाबा पुण्याहून फोनवर गरजले. तुम्ही फक्त विचारलंत, "जेवलास का?" अहो, रागवायचं होतंत की! मी भांडायची सगळी तयारी करून बसलो होतो. सरळ खोलीत गेलो आणि दार आपटलं. बाहेरून तुमचा आवाज, "रोहित, दाराने काय केलंय? हळू लाव."

सानिकासाठीच सोडलं होतं. कमवायला लागलो की तिला लग्नाचं विचारायचं, असा माझा बेत. टायरच्या गॅरेजात लागलो, दर रविवारी नावनला ढोल-ताशाच्या तालमीला जाऊ लागलो. ती ताशा वाजवायची, मी तिचा ताशा गाडीत ठेवायचो. बस! तोंडातून शब्द नाही. साऱ्या जगाशी भांडणारा मी!

एक तक्रार आहे. तुमची गोष्ट नेहमी महायुद्धातच संपायची. पुढचं सांगितलंत ते त्या दुपारी, पार्किंगमध्ये, मांडीवर खोका घेऊन. "युरोपात रेडियल टायर निघाला, दुप्पट चालणारा. आपल्या लोकांनीपण बनवला होता रे. चांगला बनवला होता. पण जुना खपतोय ना, मग घाई कशाला, म्हणून साहेबांनी गोदामात ठेवला. बाहेर काढला तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात."

मग एकेक कारखाना बंद. कंपनी विकली गेली, नाव तेवढं उरलं. आणि आता तेही शिडीवरून खाली आलं होतं.

"मूर्ख होते साले!" मी स्टिअरिंगवर हात आपटला.

तुम्ही काचेतून बाहेर बघत म्हणालात, "हं. नावनची ती ताशावाली काय म्हणते?"

मी गाडी सुरू केली. दुसरं काय करणार होतो?

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं! मग सरळ सांगायला काय झालं होतं? थंडीत तुम्ही गेलात, आणि तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशीच पडून राहिलं.

आज तिला विचारतोय. नाही म्हणाली तर नाही. तिच्यावर चिडणार नाही, तिच्या बाबांवरही नाही. आणि ती काहीही म्हणो, कॉलेजात परत नाव घालणार. हा शब्द तिला नाही, तुम्हाला.

चारही चाकांतली हवा बघितली. काकू विचारत होती, "एवढा नटून कुठे?" म्हटलं, नावनला. तिने माझी कॉलर नीट केली. "मग उशीर का करतोयस?"

पत्र तुमच्या टायरच्या तुकड्याखाली ठेवतोय, शेवंतीच्या फुलांशेजारी. बूट घातले, किल्ली घेतली. निघालो, काका. दार लावतोय.

हळू लावतोय. आवाज आला का?

तुमचाच,
रोहित