ढगांसारखे हात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. प्रत्यक्ष वाकलो तर परत उभा राहीन याची हमी आमचे डॉक्टरही देत नाहीत.) तुझे गुडघे काय म्हणतात? मी करून दिलेली कवळी अजून निसटते का? मागे फोनवर म्हणालीस की हल्ली ती तुझ्या आधी बोलते. पाठवून दे, घासून देतो, असं मी तोऱ्यात सांगितलं होतं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

कवळ्या करायचं वर्कशॉप मी बंद केलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. लोकांना सांगितलं, जन्मभर दुसऱ्यांचे दात बघून कंटाळलो. खरं कारण फक्त तुला सांगतो. माझा उजवा हात थरथरतो. मांडीवर स्वस्थ ठेवला तरी अंगठा आणि तर्जनी मेणाची गोळी वळल्यासारखी चालूच. मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं, तो बरा होत नाही हेही सांगितलं, आणि तोल टिकवायचा तर ताई ची किंवा चीगाँग शिका म्हणाले. (नाव वाचून तुझ्या मालकीचं काही असेल असं समजू नकोस. चिनी व्यायाम आहेत, अतिशय सावकाश करायचे.) तुझ्या भावजयीला यातलं काही बोललेलो नाही. तिच्या वडिलांना हाच रोग होता आणि तिनेच त्यांना वर्षानुवर्षं घास भरवले. ते गेले तेव्हा ती मला म्हणाली होती की पुन्हा कुणाचं असं करायची ताकद आता माझ्यात उरली नाही. ते ऐकल्यावर कुठल्या तोंडाने सांगू?

रोग्यांच्या वर्गात नाव घातलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून मी डोकं लढवलं आणि थेट शिक्षक तयार करणाऱ्या वर्गात घुसलो. शिकायला जातो तो आजारी, शिकवायला शिकतो तो उद्योगी, असा माझा हिशेब. घरी सांगितलं, म्हातारपणीचा नवा धंदा. तेव्हापासून तुझ्या भावजयीने माझ्या बाबतीत हात आखडता घेतला. चहाचा कप अर्धाच भरते. पुन्हा मागितला की पुन्हा अर्धा. रिकामटेकड्या नवऱ्याला एवढाच चहा, असं मी समजलो आणि एकदा त्यावरून कडकडून भांडलोही.

वर्ग पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर भरतो. खालून शिट्ट्या आणि क्लोरीनचा वास, आणि वर आम्ही मन शांत करत उभे. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. बाकी मंडळींत एक निवृत्त फौजदार आणि एक ब्यूटी पार्लरवाली. गुडघे किंचित वाकवून पोटाशी एक नसलेला चेंडू धरायचा असतो. फौजदार तो चेंडू असा धरायचे की जामिनावरसुद्धा सुटू नये. पुढचा प्रकार 'ढगांसारखे हात'. दोन्ही हात चेहऱ्यासमोरून अलगद आडवे न्यायचे. माझा डावा हात ढग, उजवा वादळ. पार्लरवालीने तो पाहिला आणि तिला भरून आलं. अंगातून 'ची' म्हणजे प्राणशक्ती वाहायला लागली की हात असा होतो, असं तिने सगळ्यांना सांगितलं. झालं, वर्गात माझा मान वाढला. फौजदार घरी आरशासमोर तासन्‌तास उभे राहिले, पण त्यांच्यातून काही वाहेना. शेवटी एकदा मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की तुम्ही खाता तरी काय. जन्मात पहिल्यांदा कुणी माझा हेवा केला, तो कशासाठी बघ. बाई मात्र मला कायम भिंतीजवळ उभं करायच्या.

परीक्षा वृद्धाश्रमात होती. आमच्यात शिकवायची पद्धत अशी की शिक्षकाने बोलायचं कमी, समोरच्यांनी त्याचं बघून हुबेहूब करायचं. घाबरलो की माझा हात जास्त चेकाळतो. ढग सुरू केले आणि बघतो तर अख्खी खोली उजवा हात थरथरवते आहे. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी तर माझ्याहून सरस. मला हसू फुटणार होतं, पण तेवढ्यात लक्षात आलं, एवढ्या माणसांना मी माझा रोग शिकवत होतो.

शेवटच्या रांगेत एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर होते. त्यांचाही हात हलत होता, पण बाकीच्यांच्या तालात नव्हता. मी जवळ गेलो.

"मी तुमचं बघून करत नाहीये," ते म्हणाले.

"कळलं मला."

"आणि तुम्ही? घरी माहीत आहे?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. मग चहा आला. वाढणाऱ्या बाईने सगळ्यांचे कप काठोकाठ भरले आणि त्यांचा अर्धाच. म्हटलं, इथेही काटकसर आहे वाटतं.

आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी मला पास केलं. त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणाल्या, हात थरथरणाऱ्यांचा वर्ग तुम्हीच घ्या, तुमच्यासमोर त्यांना लाज वाटणार नाही. या व्यायामाने हात थांबेल का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "नाही. पण पडाल उशिरा." ताई, या वर्षात मला मिळालेली सगळ्यात चांगली बातमी तीच.

तुझा धाकटा

ता. क. कवळी पाठवू नकोस. माझ्या हातून आता ती नीट व्हायची नाही. त्यापेक्षा तू ये आणि हिला हे सगळं तू सांग. तुझ्याजवळ ती रडेल तरी. माझ्यासमोर रडणार नाही. पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं, बाकी सगळं पाल्हाळ.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवणार तोच ही चहा घेऊन आली. अर्धाच. मी म्हटलं, आज तरी भरून दे. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सांडेल." कप ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली. तिच्या वडिलांचा कपही ती असाच भरायची. मी समोर बसून बघितलेलं आहे, आणि आठवलं ते आज. तेव्हा सांगायला म्हणून येऊ नकोस, तिला केव्हाचं माहीत आहे. नुसती ये आणि थोडे दिवस तिच्याजवळ राहा.