मागच्या शिवणीतलं कापड

१ मार्च, सकाळी सहा
तीस तारखेला पन्नास पूर्ण. वडील पन्नाशीला अकरा दिवस कमी असताना गेले. शिलाई मशीनवरच, बाही अर्धी शिवून. म्हणजे माझी खरी तारीख एकोणीस. आजपासून नियम: पहाटे चालणं, आठ पेले पाणी, बिनसाखरेचा चहा, रात्री मोजकं जेवण, दहाला झोप. देवाला सांगून ठेवलं आहे, माझ्याकडून कसूर होणार नाही.

२ मार्च
चालायला निघालो. कोपऱ्यावर तीन कुत्री. घाबरल्याने हृदयावर ताण येतो, म्हणून परत फिरलो. पाणी तीन पेले. चौथ्याला गिऱ्हाईक आलं.

४ मार्च
बिनसाखरेचा चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, की मास्तर, घरात काही वाईट झालं का, तोंड असं का केलंय. त्याला बरं वाटावं म्हणून दुसरा कप साखरेचा घेतला.

७ मार्च
डाव्या हाताला मुंग्या. हातातली कात्री खाली ठेवली आणि देवाचं नाव घेत बसलो. काज-बटणं बायको करते, ती समोरच होती. म्हणाली, दुपारी त्याच हातावर डोकं ठेवून झोपला होतात. ती डॉक्टर नाही.

१० मार्च
पँट कमरेला सैल! चालणं एकदाच झालं, तेही कोपऱ्यापर्यंत. पण मनापासून केलेला निश्चय अंगी लागतोच. आनंदाने केकचे दोन तुकडे खाल्ले.

१३ मार्च
आणखी सैल. बायको म्हणाली, चांगलंच आहे की, आणि मान खाली घालून बटण लावत राहिली. टेप लावला नाही. स्वतःचं माप स्वतः घेतलं की चुकतं, असं वडील सांगायचे.

१५ मार्च, पहाटे
इतक्या भराभर कोणी बारीक होत नाही. आतून काहीतरी पोखरतंय. आपला पोस्टमन असाच झाला होता, पट्ट्याला दर आठवड्याला नवं भोक. चार महिन्यांत गेला. चालायला गेलो नाही. उरलेली ताकद जपायला हवी.

१७ मार्च
कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते बायकोला नीट समजावलं. ती म्हणाली, आधी वकीलसाहेबांचा कोट पुरा करा, मग कुठे जायचं तिथे जा. तोंडाला पदर लावला होता. रडत असावी.

१९ मार्च, संध्याकाळी
डॉक्टरांकडे गेलो. वजन तीन किलो वाढलंय. रक्तदाबही थोडा वाढलेला. रोज चाला म्हणाले, कुत्री असली तरी.

घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, बसलात की चेहरा लालबुंद व्हायचा, बघवेना. म्हणून पँटची मागची शिवण उसवून दोनदा आतलं कापड सोडलं. सांगितलं असतं तर उपास धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी तो मोडून माझ्यावरच चिडला असतात.

पँट उलटी करून पाहिली. दुसऱ्याचा टाका मी दहा पावलांवरून ओळखतो. हा मला माझाच वाटला होता. तिला मीच शिकवलेला.

उद्या चालायला जायचं. शिवणीत आता अर्धाच इंच कापड उरलं आहे.