जाड पुस्तकांना मागणी

८ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रागवायचं नाही. कुणाच्या अंगावर हात टाकायचा नाही. शाळेच्या वाचनालयात मुलं आणायची. पहिले दोन माझ्या स्वभावातच आहेत. तिसऱ्याला देवाची मदत लागेल.

सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. म्हणाल्या, सर, खात्याचे साहेब पुढच्या महिन्यात येणार. तोवर मुलांच्या हातात पुस्तकं दिसली नाहीत तर वाचनालयाची खोली व्यायामशाळेला द्यावी लागेल, माझा इलाज नाही. व्यायामाचे सर शेजारीच उभे होते. मुलं त्यांना शिट्टी म्हणतात. मी म्हणत नाही, पण रोजनिशीत चालावं.

दुपारी शिट्टी टेप घेऊन वाचनालयात आले आणि माझ्या देखत भिंत मोजू लागले. इथे आरसा येईल म्हणाले. मी शांत राहिलो. ते गेल्यावर स्टूल आपोआप कपाटावर आदळलं. पायाचं बोट सुजलंय.

१० जानेवारी
आमच्या गावच्या शाळेत वाचनालय म्हणजे एक पत्र्याची ट्रंक होती. किल्ली गुरुजींच्या कमरेला. माझ्या आठवणीत ती एकदाच उघडली, तीही उंदीर मारायला. गुरुजींनी तो भूगोलाच्या पुस्तकाने मारला. आत कितीतरी पुस्तकं दिसली, आणि झाकण बंद झालं. तेव्हाच ठरवलं होतं की मोठेपणी आपण कपाटं उघडी ठेवायची. माझ्या कपाटांना कुलूप नाही.

आज सहा जण आले! आधी एक मुलगा धापा टाकत आला आणि माझ्या टेबलाखाली शिरला. मागोमाग पाच जण आले, त्यांनी त्याला पायाला धरून ओढत बाहेर नेलं. रजिस्टरमध्ये सहा लिहिले.

शाळेत दोन टोळ्या आहेत. पाण्याच्या टाकीपाशी राहणारे ते टाकीवाले. पुलापलीकडून येणारे ते पुलावाले. मधल्या सुट्टीत मैदानावर रोज रक्त निघतं. आज बाईंच्या हुकमाने शिट्टीने सगळ्या काठ्या, बॅटी, स्टंप आणि एक सायकलची साखळी जप्त करून स्टोअरमध्ये कोंडली.

उत्तम. आता मुलांचे हात रिकामे. रिकाम्या हातात पुस्तक ठेवायचं, एवढंच माझं काम.

१६ जानेवारी, मंगळवार
देव पावला.

नववीतली एक मुलगी आली. टाकीवाल्यांची पुढारी. तिला सगळे हातोडी म्हणतात, का ते माहीत नाही, अंगकाठी तर किरकोळ आहे. म्हणाली, सर, जाड पुस्तक आहे का? मी विचारलं, किती जाड? तिने बोटांनी दाखवलं. वर म्हणाली, पुठ्ठा कडक पाहिजे, मऊ नको. माझे डोळे भरून आले. शब्दकोश दिला. परत कधी आणशील, विचारलं. म्हणाली, मधल्या सुट्टीनंतर लगेच.

आणि आणला! चेहरा लाल, केस विस्कटलेले. आवडला का, विचारलं. म्हणाली, भारी आहे सर, एकदम लागतो. मी म्हटलं, मनाला लागतो ना? म्हणाली, कानाला जास्त. मग मी तिला शब्दांच्या नादाबद्दल थोडं सांगितलं.

१९ जानेवारी
दारात रांग! आता पुलावालेही येतात. सगळ्यांची एकच मागणी, जाड पुस्तक. ही पिढी उथळ आहे म्हणणाऱ्यांना इथे आणून उभं करायला हवं.

बारा खंडांचा मोठा कोश खाली काढला. चामडी पाठ, पितळी कोपरे, पाठीवर उठावाची सोनेरी अक्षरं. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता. मी सोडून. खंड सात (थ ते न) मी दोनदा वाचलाय. तसं मुलांना सांगितलंही.

जड पुस्तक कसं धरावं याचं प्रात्यक्षिक दिलं. पाठीकडून घट्ट धरायचं, कोपरे मोकळे ठेवायचे, मनगट सैल. हातोडीने मला पुन्हा करून दाखवायला लावलं. सगळ्यांनी माझ्याबरोबर केलं. इतक्या एकाग्रतेने मुलं प्रार्थनाही म्हणत नाहीत.

२३ जानेवारी
संशोधन तासाला सुरुवात. फळ्यावर लिहिलं: आधी प्रश्न, मग साधनं, मग पडताळा, मग निष्कर्ष. पाठांतर नको, स्वतः शोधा.

मुलांनी स्वतः शोधलं. दोन्ही टोळ्यांनी स्वतंत्रपणे एकच प्रश्न घेतला, कोणतं पुस्तक सर्वांत परिणामकारक? प्रयोगशाळेतला तराजू आणला. सगळे खंड तोलले. मग जिन्यावरून एकेक खंड भोपळ्यावर टाकून पाहिला. दोघांचाही निष्कर्ष एकच आला, खंड सात. दोन विरोधी पक्ष एकाच सत्यापाशी पोचतात, यालाच शास्त्र म्हणतात. आणि ते नेमकं माझं आवडतं पुस्तक निघावं!

परत आलेल्या शब्दकोशात एक दात मिळाला. खूण म्हणून ठेवला असावा. खुणेसाठी कागदाची पट्टी वापरावी, अशी सूचना दाराला लावली.

२५ जानेवारी
मुलं कवितेकडे वळली! कवितासंग्रह इतकी वर्षं धूळ खात होते, आज सगळे गेले. प्रत्येकाला दोन दोन हवे होते, सारख्या मापाचे. पुलावाल्यांचा एक उंच मुलगा कविता घेऊन बाहेर पडला तो गुडघे न वाकवता चालत होता. मोज्यातून एका संग्रहाचा कोपरा दिसला. कविता अंगात भिनली की माणूस असा ताठ होतो.

शाळेत हल्ली पडझड मात्र फार. आज तिघांची डोकी फुटली, एकाचं नाक. फरशीवर पाणी सांडत असणार. शिपाईमामांना सांगितलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

३० जानेवारी, मंगळवार
ही म्हणाली, अहो, पोरं पुस्तकं वाचतायत म्हणता, मग शेजारच्या पोराच्या कपाळावर 'कोश' असं उलट्या अक्षरांत कसं उमटलंय? मी म्हटलं, वाचता वाचता त्यावर डोकं ठेवून झोपला असेल. ही म्हणाली, झोपेत डोळा काळानिळा होतो का? स्त्रियांना संशयाची सवय असते. मी वाद घातला नाही. पेला माझ्या हातातून सुटला आणि भिंतीवर फुटला.

२ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये शिट्टी सगळ्यांसमोर म्हणाले, सर, तुमच्या पुस्तकांनी पोरं एकमेकांना मारतायत, मी काठ्या काढून घेतल्या आणि तुम्ही विटा वाटल्या. सगळे हसले. मी म्हटलं, तुम्ही शेवटचं पुस्तक कधी उघडलंत? ते म्हणाले, तुम्ही कधी उघडलंत ते सांगा. मी ताडकन म्हटलं, खंड सात, दोनदा! पुन्हा सगळे हसले.

हा सरळ मत्सर आहे. त्यांना खोली हवी आहे. संध्याकाळी देवापुढे बसून त्यांच्यासाठी सद्बुद्धी मागितली. मागताना दात इतके आवळले गेले की एक भरलेली दाढ निखळली.

५ फेब्रुवारी
साहेब शुक्रवारी येणार. कपाटं रिकामी, एकूण एक पुस्तक मुलांकडे! फक्त खंड सात मी स्वागतासाठी मागून घेतला. हातोडी द्यायला तयार नव्हती. म्हणाली, सर, शुक्रवारीच तर खरी गरज आहे, पुलावाल्यांशी ठरलंय. साहेबांसमोर वाचनस्पर्धा ठेवलेली दिसते, आणि तीही मला न सांगता. मी म्हटलं, खंड टाकीवाल्यांच्याच नावावर राहील, फक्त माझ्या हातात असेल. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, चालेल.

९ फेब्रुवारी, शुक्रवार (डाव्या हाताने)
साहेब वेळेवर आले. रिकामी कपाटं बघून दचकले. मी त्यांना खिडकीशी नेलं. खाली मैदानावर अख्खी शाळा, प्रत्येक हातात पुस्तक. साहेब म्हणाले, वा, अशी शाळा मी पाहिली नाही! मग म्हणाले, पण ती पुस्तकं डोक्यावर का उगारलीयत? मी म्हटलं, ऊन आहे. मोठ्या बाई मटकन खाली बसल्या.

साहेबांना जवळून कौतुक करायचं होतं. आम्ही मैदानात उतरलो. साहेबांनी हात वर करून, बाळांनो, एवढंच म्हटलं. खंड तीन त्यांच्या कानाखाली बसला. ते गुडघ्यावर आले तेव्हा खंड दहाने त्यांचा चष्मा नेला. कुणीतरी किंचाळत होतं. पुठ्ठे उडत होते, पानं उडत होती, एका मुलाच्या तोंडातून रक्त आणि व्याकरणाचं एक पान एकदमच बाहेर आलं.

शिट्टी वाजवत शिट्टी आले. माझ्याकडे बघून हसले. शिट्टी दातांत धरूनच म्हणाले, काय सर, पसरलं का ज्ञान?

माझा हात हलला. मी हलवला असं म्हणता येणार नाही. पाठीकडून घट्ट, कोपरे मोकळे, मनगट सैल. शिट्टीसकट दोन दात आत गेले. डॉक्टरांनी शिट्टी काढली, पण स बोलताना सर अजून वाजतात म्हणे.

 मग हातोडी ओरडली, सर आपले! सर टाकीवाले! त्यामुळे पुलावाल्यांनी मला धरलं. खंड चार ओळखला. खंड नऊ ओळखला. पुढचे ओळखता आले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आधी ते पुस्तक सोडा, हात मोडलाय तुमचा. माझी बोटं उघडेनात. नर्सने एकेक करून सोडवली. पुस्तक शाळेत, मोठ्या बाईंकडे परत गेलं.

१२ फेब्रुवारी
कपाळाला टाके. उजवा हात प्लास्टरमध्ये. मी निलंबित. शिपाईमामा भेटायला आले. वाचनालयात आरसा लागलाय. उरलीसुरली पुस्तकं ट्रंकांत भरून जिन्याखाली टाकली आहेत. कुलूप लावलंय. किल्ली शिट्टीकडे.

मी विचारलं, ट्रंका कसल्या, पत्र्याच्या? मामा म्हणाले, हो सर, तुम्हाला कसं कळलं?

जाताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला खंड सात दिला. बाई म्हणाल्या होत्या, रक्त लागलंय, फेकून द्या. मामा म्हणाले, मी म्हटलं, सरांनी दोनदा वाचलाय, त्यांनाच देतो.

तरी माझ्या मते प्रयोग यशस्वी. फक्त वेग जास्त झाला.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
हातोडी आली होती. डोक्याला पट्टी, एक डोळा बंद. हिने दार उघडायला वेळ लावला. मला वाटलं, माफी मागायला आली असेल. तसं काही नव्हतं.

म्हणाली, सर, एक विचारायचं होतं. तुम्ही शिट्टीसरांना हाणलंत तेव्हा तुमच्या हातातला खंड सात उघडला, मी शेजारीच होते. एक पान बाहेर आलं होतं, त्यावर देवमासा होता. लिहिलं होतं, मेल्यावर देवमासा हळूहळू समुद्राच्या तळाशी जातो, आणि तिथे. पुढचं दिसलं नाही, पानं चिकटलेली होती, मागून कुणीतरी लाथ पण घातली. तुम्ही दोनदा वाचलाय ना? तिथे काय होतं त्याचं?

मी म्हटलं, बाळ, तो विषय खोल आहे. असं उभ्याउभ्या सांगता येणार नाही.

म्हणाली, मग मी उद्या येऊ? मीच शोधलं असतं सर, तुम्ही शिकवलंय तसं. पण सगळं ट्रंकेत गेलं. आजवर कुलूप नव्हतं तर आम्ही उघडून पाहिलं नाही, येडे आम्ही.

उद्या ये म्हटलं.

ती गेल्यावर पुस्तक घेऊन बसलो. देव या नोंदीपर्यंत पानं सुटी आहेत. तिथवर माझं वाचन पक्कं आहे. दोनदा झालंय. त्या नोंदीपाशी मी नेहमी डोळे मिटून थांबतो, पुढे जाववत नाही. तिच्या पुढची सगळी पानं छापखान्यातून आली तशी, कडेला जोडलेली. कुणी कापलेलीच नाहीत. बांधणाऱ्याची चूक. मी पूर्ण वाचलेली प्रत दुसरी असावी.

हिच्याकडे सुरी मागितली. ही म्हणाली, पुस्तकाने माणसाचे दात पाडलेत, आता तुमच्या हातात सुरी देऊ? मी म्हटलं, पानं कापायचीयत, पुस्तक उघडायचंय. ही म्हणाली, अहो, मग इतकी वर्षं काय करत होतात?

 राग आला नाही, हे नोंदवून ठेवतो. फेकायलाही हाताशी काही नव्हतं, पुस्तकच होतं.

रात्री, जेवणानंतर
चमच्याच्या दांड्याने, डाव्या हाताने, पान उघडलं. अर्धं फाटलं. देवमाशाचं वाक्य सापडलं. मेल्यावर देवमासा हळूहळू समुद्राच्या तळाशी जातो, आणि तिथे जे घडतं त्यासाठी पहा: समुद्रतळ, खंड अकरा.

खंड अकरा ट्रंकेत. उद्या मुलगी यायच्या आत शिट्टीकडे जाऊन किल्ली मागायला हवी. हात जोडून मागावी लागेल.

एकच हात मोकळा आहे.