चर्चामंडळाची भाषा आणि माझी इतर मिळकत

मी, सुकदेव गोबर्धन, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त हिंदी शिक्षक, राहणार त्रिओले, मॉरिशस, आज शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने वा भुलावणीने नव्हे, तर आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरने दिला आहे. त्याने फक्त आजचा वार विचारला. कवितांचे विचारले असते तर दाखला मिळाला नसता.

१. घराचा खालचा मजला ओसरीसह कन्या मंजरी हिला. वरचा चिरंजीव कविराज यास. असे नाव ठेवूनही तो हिशेबनीस झाला, याची मी त्याला क्षमा केली आहे. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी काढलेल्या सळ्या आभाळाकडे बघत उभ्या आहेत, त्या कापू नयेत. माणसाने काहीतरी अपुरे ठेवून जावे. लिचीचे झाड दोघांचे. फळे वटवाघळांच्या आधी जो काढील त्याची.

२. उसाचा तुकडा व बँकेतली शिल्लक दोघांत निम्मी. शेजारी बिकू याने आपले कुंपण दोन वीत माझ्याकडे सरकवले आहे. जमीन त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र मला ते ठाऊक होते, एवढे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

३. माझी हिंदी कवितांची पुस्तके, मुलांना घरी नेऊ देईल अशा कोणत्याही शाळेला. आमच्या पत्र्याच्या शाळेत वादळाचा वारा चढला की पोरे हिमालयावरची कविता त्याहून वरच्या पट्टीत म्हणत. बर्फ आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते, तरी थंडी वाजायची.

४. आता जिवाला लागलेली गोष्ट. फोनवरचे आमचे हिंदू चर्चामंडळ मी चालवतो. त्यात भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, सगळ्या घरांतले लोक आहेत. रोज सकाळी मी एका श्लोकावर हिंदीत निबंध टाकी, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागे. मी भरून पावे. पुढे मंडळाची एकच भाषा ठरवावी असे निघाले आणि मी अर्थातच हिंदी म्हणालो. माझा मित्र, भूमितीचा मास्तर आर्मुगम वलायदन म्हणाला, मग तमिळने काय पाप केले? तेलुगू मंडळी उठली. कास्कावेलचे मराठी गृहस्थ आपली भाषा चौथी का, म्हणून रुसले. कविराजने इंग्रजी सुचवून सर्वांना क्षणभर एक केले. शेवटी भाषेगणिक वेगळी मंडळे काढायचे ठरू लागले. आर्मुगम मंडळ सोडून गेला आणि माझी ओसरीही. जाताना म्हणाला, "सुकदेव, ते जोडलेले हात म्हणजे नमस्कार नव्हे रे. त्याचा अर्थ, कळलं नाही, पण मास्तरशी वाद कोण घालणार."

त्याच आठवड्यात शिवरात्र होती. गुडलँड्सच्या लीलावतीकाकींनी मंडळात, बेटावर सगळेच बोलतात त्या क्रिओलमध्ये विचारले, की यजमानांना साखर आहे, गंगा तलावाच्या यात्रेला पायी जाणार म्हणतात, वाटेत उकडलेला मॅनियोकचा कंद खाल्ला तर उपास मोडेल का. उत्तरांचा पूर लोटला. एकाने पुराणातला दाखला दिला, दुसऱ्याने तो खोडला. एका तमिळ औषधवाल्याने गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत असे बजावले. एका तेलुगू सुनेने आपल्या सासूचा उपास सांगितला. सगळे क्रिओलमध्ये. हात कोणीच जोडले नाहीत. जी भाषा आम्ही कोळ्याशी घासाघीस करायला वापरतो आणि देवळात शिरताना चपलांबरोबर बाहेर ठेवतो, तिच्यात त्या दिवशी पहिल्यांदा चर्चा झाली.

तरी माझी इच्छा अशी की मंडळ एकच राहावे व त्याची भाषा क्रिओल असावी. श्लोक कोणत्याही भाषेत चालेल. खाली क्रिओलमध्ये अर्थ दिलाच पाहिजे. हे लिहिताना माझ्यातला हिंदी मास्तर हुंदके देतो आहे, त्याकडे लक्ष देऊ नये.

~~५. माझ्या पश्चात मंडळाचा कारभार आर्मुगम वलायदन याने पाहावा, कारण मला खरे सांगणारा तो एकटाच निघाला.~~

६. चितेपाशी एक हिंदी कविता म्हणावी. निवड मंजरीची. अर्थ आर्मुगमने क्रिओलमध्ये सांगावा. त्यात स्वतःची मते घालू नयेत.

कलम पाच का खोडले याचा खुलासा: नोटरीबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मी तर आर्मुगमला साक्षीलाच बोलावले होते. तेवढ्या निमित्ताने तरी येईल म्हणून. तो आला, बसला नाही, उभ्यानेच सगळे वाचले.

"म्हणजे तू मरेपर्यंत मी वाट बघू?" तो म्हणाला. "मंडळ परवा फुटतंय. आण तो फोन."

मी दिला. तेव्हा तो बसला, तोही माझ्या खुर्चीत, आणि त्याने क्रिओलमध्ये लिहिले: "मी परत आलोय. भाषा ठरली, हीच. मास्तर बरा आहे, नुसतं मृत्युपत्र लिहितोय. ज्याला भांडायचं असेल त्याने रविवारी मास्तरच्या ओसरीवर यावं. येताना खायला आणावं."

तेलुगू मंडळींनी लगेच विचारले, किती वाजता.

कारभार जिवंतपणीच सोपवल्यामुळे कलम पाच रद्द. बाकी सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना क्रिओलमध्ये वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

त्रिओले, दि. २२ मार्च २०२४
(सही) सुकदेव गोबर्धन

साक्षीदार:
(सही) आर्मुगम वलायदन, निवृत्त शिक्षक. कलम सहामधली शेवटची अट मान्य नाही.
(सही) मारी-क्लेर लाबोंते, शेजारीण. ख्रिस्ती असून मंडळात नाहीत. सगळे समजले, म्हणाल्या. आणि रविवारी आपण आलो तर चालेल का, असे विचारले.