विहिरीच्या वरचे खड्डे

पालीचा सडा, जि. रत्नागिरी
१० ऑक्टोबर १९८३

चि. लवू यास,
ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र काल हाती आलं. बोट कुठे असेल ते ठाऊक नाही, म्हणून हे कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर टाकते. मी बरी आहे.

आषाढात दरडीखाली आपली वाडी गेली ते तुला कळलंच आहे. माणसं वाचली. आम्ही अजून सड्यावर तंबूत आहोत. मदतीला आलेल्या संस्थेने तांदूळ दिले, घोंगड्या दिल्या. त्यांना नावं ठेवायला जीभ वळत नाही. संडासाचे खड्डेही त्यांनीच खणले. सगळीकडे कातळ, पहार उसळायची. मऊ माती लागली ती विहिरीच्या वरच्या अंगाला. घाईत तिथेच खणले.

श्रावणात काशी म्हणाली, “वन्सं, पाण्याला कसलातरी वास येतो हो.” गाळ असेल, असं सगळेच म्हणाले.

नारळी पौर्णिमेनंतर कावीळ आली. केरूकाका पिवळेधमक झाले, पण उठले. गंगुबाईही उठली. डॉक्टर म्हणाले, कातळाच्या भेगांतून घाण विहिरीत उतरली. ही कावीळ बहुतेकांना सोडते, पोटुशी बाईला सोडत नाही.

मी संस्थेच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, “वरचे खड्डे बुजवा.”

“बाई, एवढ्या पावसात नवे कुठे खणू?”

“खाली, काजूंच्या पलीकडे. माती कमी आहे, पण आम्ही खणतो.”

मग त्यांनीच पहार उचलली.

आता संडास उताराला आहेत. लांब पडतात. बायका कुरकुरतात, पण जातात, वरून राख टाकतात. विहीर बंद केली. पाणी पलीकडच्या झऱ्याचं, तेही उकळून. कावीळ थांबली.

तू सगळं काशीचंच विचारलंस. तिला आम्ही डोलीतून पालीला आणि तिथून रत्नागिरीला नेलं. शुद्ध गेली ती परत आली नाही. बाळ पोटातच गेलं. अग्नी केरूकाकांनी दिला. कंपनीला तार केली होती. बोट समुद्रात आहे, कळवतो म्हणाले. कळवलेलं दिसत नाही.

मला रडू आलं नाही. अजून येत नाही. सकाळी राखेच्या टोपल्या भरते, खाली नेऊन ठेवते. शेजारच्या तंबूतली मैना पोटुशी आहे. तिच्या हंड्यातलं पाणी उकळलेलं आहे ना, एवढं विचारते आणि परत येते.

उत्तर लिहू नकोस. तूच ये.

आता तंबूत एकटीच उरलेली,
तुझी मथुराताई