वाण मागणारी

आई,

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. तू जाऊन तीसेक वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तुझ्यासारखं काहीतरी केलं. ते तुलाच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला त्याचं काय?

दुर्गाघाटावरच्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्या आठवतात. मी पाचवीत होते. शाळा सगळी हिंदीतून. तू गावाकडे मराठी चौथी शिकलेली, आणि तुझी हिंदी भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती. बाबा दिवसभर घाटावर यजमानांचे विधी उरकून दमून यायचे आणि माझे अपूर्णांक बाहेर निघाले की मुकाट्याने संध्येला बसायचे. सहामाहीला मी गणितात आणि हिंदीत नापास झाले. वाटलं होतं, आता धपाटे. पण धपाटा पडला नाही. संक्रांतीची वाट बघत होतीस, हे मला काय माहीत!

गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. आपल्या दोन-तीन मराठी, बाकी इथल्याच, ज्या संक्रांतीला खिचडी म्हणतात पण तुझ्या तिळगुळासाठी दरवर्षी हजर. तू कुंकू लावलंस, तिळगूळ दिलास, आणि त्या वाणाची वाट बघत असताना उभी राहून म्हणालीस की यंदा वाण द्यायचं नाही, मागायचं आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ पोरीला तुमच्या ओट्यावर बसवून घ्या, मला येत नाही ते तुम्ही शिकवा. तुझ्या त्या मोडक्या हिंदीत. स्वयंपाकघराच्या दाराआड मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या साडीवाल्यांची सून पहिली बोलली, सोमवार माझा. मग पोस्टातल्या बाबूंच्या बायकोने गुरुवार घेतला. अशी एकेक संध्याकाळ वाटली गेली.

सगळ्या गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले, "तू भीक मागितलीस." अजून दिसतं. तू ताटातला सांडलेला तीळ बोटाने टिपते आहेस. हात थांबतो. वर न बघता म्हणतेस, "येत नाही ते मागायला कसली लाज? येत नसून गप्प बसले असते तर ती लाज." आणि पुन्हा तीळ टिपायला लागतेस. मी त्या दिवशी जेवले नाही.

तरी गेले. जाते कुठे? रोज एक ओटा. घरी आले की तू वाती वळत बसलेली असायचीस, आणि काय शिकलीस असं कधी विचारायची नाहीस. विचारायचीस, "आज काय आलं नाही?" मग ते न आलेलं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी घेऊन जायचं. भागाकार तीन ओटे फिरला तेव्हा कुठे डोक्यात शिरला. पुढे मी बी.ए. झाले, शाळेत मास्तरीण झाले, लोकांच्या पोरांना तीस वर्षं शिकवलं. त्या दिवशीच्या शब्दांची माफी मात्र तुझ्याकडे मागितली नाही. रोज उद्यावर ढकलत गेले आणि तू गेलीस.

आता माझी नात, तुझी पणती, तिसरीत आहे. तिचे आईबाप दोघंही बँकेत, उशिरा येतात, म्हणून अभ्यास माझ्याकडे. वाचताना अक्षरं जुळवत जुळवत ओळीच्या शेवटी पोचते तोवर सुरुवात विसरते. शाळेने बोलावून सांगितलं, असंच राहिलं तर अवघड आहे. आणि मी, तीस वर्षं शिकवलेली मास्तरीण, घरच्या पोरीवर खेकसते. गेल्या महिन्यात तिची वही पिठाच्या डब्यामागे सापडली. विचारलं तर म्हणाली, "आजी, तुम गुस्सा हो जाती हो, फिर मुझे कुछ दिखता ही नहीं." आई, तेव्हा तू इतकी हवी होतीस. वाती घेऊन नुसती शेजारी बसली असतीस तरी चाललं असतं.

आम्ही आता कॉलनीत राहतो. इथे ओटे नाहीत, आणि शेजारीण जिन्यात भेटली तर हसण्यापुरती ओळख. तरी सगळ्यांना बोलावलं. स्टीलच्या वाट्या आणून ठेवल्या होत्या, धीर सुटलाच तर त्या वाटून मोकळं व्हायला. शेवटी बोलले, की मी मास्तरीण असून मला माझी नात शिकवता येत नाही, एकेक संध्याकाळ द्याल का? तेव्हा कळलं तुला त्या दिवशी किती जड गेलं असेल. खालच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "अरे दीदी, पहले कहना था न." त्यांचा मंगळवार ठरला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी शुक्रवार घेतला आणि आपली मुलगी माझ्याकडे हिंदीला पाठवू का, विचारलं.

मंगळवारी नात परत आली. मी विचारलं, आज काय आलं नाही? तिला वाटलं मी चिडले. मग माझ्याकडे नीट बघून तिने पुस्तक उघडलं आणि स्वतःहून एका शब्दावर बोट ठेवलं.

हे पत्र कुठे पाठवू? तांदळाच्या डब्याखाली ठेवीन. एक मात्र कबूल करते. परवा हळदीकुंकवाला सगळ्याजणी म्हणाल्या, काय छान सुचलं तुम्हाला. मी हसून मान डोलावली. हे माझ्या आईचं आहे, एवढं म्हणायला या खेपेलाही माझं तोंड उघडलं नाही.