माझा खुबा : एक यशोगाथा

१२ जानेवारी २०२६
हॉस्पिटलमधून फोन. सतरा वर्षांपूर्वी ज्यांचे खुबे बदलले, त्यांना वीस तारखेला अभ्यासासाठी बोलावलंय. ‘लाँग टर्म आउटकम’. थोडक्यात, माझा सत्कार. फोनवरच्या मुलीने तो शब्द वापरला नाही, पण पुण्यात पंचाहत्तरीच्या माणसाला बोलावून नुसतं कोण परत पाठवतं? दुखतं का, विचारलं. म्हटलं, ठणठणीत. दर वर्षी एक्स-रेला बोलावतात, दर वर्षी मी हेच सांगून त्यांचा वेळ वाचवतो.

१३ जानेवारी
भाषण लिहायला घेतलं. ‘माझा खुबा : एक यशोगाथा’. बायकोला, वासंतीला, तीन पानं वाचून दाखवली. यात ऑपरेशन करणाऱ्याचं नाव कुठेय, म्हणाली. तिने तीस वर्षं शाळेत शिकवलं, चुका काढायची सवय जात नाही.

१५ जानेवारी, सकाळी ६
मांडीत कळ. दोन वर्षं अधूनमधून येते. आमच्या वारज्याची हवा.
संध्याकाळी : निर्धार. स्टेजवर मांडी घालून दाखवणार. डॉक्टरांनी मांडी घालू नका म्हणून बजावलं होतं, पण ते सर्वसामान्य पेशंटसाठी. उद्यापासून रोज दहा मिनिटं सराव.

१६ जानेवारी
सराव नाही. कळ.

१८ जानेवारी
फिरायला जाताना काठी घेतली. केवळ कुत्र्यांसाठी. मग घरातही का घेता, असं वासंतीने विचारलं. दुर्लक्ष केलं.

१९ जानेवारी
मांडी जमली. पाऊण. उठवायला वासंती आणि शेजारचे विश्वजीत लागले. झब्बा इस्त्रीला दिला.

२० जानेवारी
हार नाही, स्टेज नाही. एक्स-रे. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लूजनिंग आहे. मी वासंतीला समजावलं की सरावाने सांधा मोकळा झालाय. बाईंनी मला थांबवलं. खुब्याची हाडातली पकड सुटलीये, पुन्हा बदलावा लागेल. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर सोपं होतं, आता हाडही झिजलंय.
‘‘आजोबा, दुखत नव्हतं का?’’
वासंती माझ्याकडे बघत होती. मी खिशातलं भाषण चाचपत बसलो.

२९ जानेवारी, वॉर्ड
ऑपरेशन परवा झालं. पाच तास. पाय टेकवू देत नाहीत. यापुढे काठी कायमची, म्हणे. फार घाबरलो होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.
थंडी वाजली म्हणून सिस्टरने शाल पांघरली. मग शहाळं आलं.
‘‘शाल झाली, श्रीफळ झालं,’’ वासंती म्हणाली. ‘‘आता दोन शब्द बोला.’’
तेवढ्यात ती फोनवरची मुलगी, श्रद्धा, अभ्यासाचा फॉर्म घेऊन आली. जुना खुबा दुखायचा का?
‘‘हो,’’ म्हणालो. ‘‘दोन वर्षं.’’
निकालाच्या रकान्यात तिने ‘अयशस्वी’ लिहिलं. वासंतीने चष्मा लावून फॉर्म वाचला. एकही चूक काढली नाही.